मुतखडा सापडेना तेव्हा

सोनोग्राफीत मुतखडा काही सापडेना. डावी किडनी मात्र फुगलेली दिसत होती, म्हणजे लघवी खाली उतरताना कुठेतरी अडत होती.

टेबलावर शांतारामकाका होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कॉलेजात असताना दर सोमवारी मी त्यांच्याच गाडीने गुहागरहून रत्नागिरीला यायचे. मी धावत येताना दिसले की ते बिडी संपवायच्या निमित्ताने गाडी थांबवून धरायचे. आता त्यांची पाठ दुखत होती, वजन उतरलं होतं.

मी सोनोग्राफीचा प्रोब बेंबीकडे सरकवला आणि हात थांबला. हृदयाकडून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी, एओर्टा, फुग्यासारखी फुगली होती. अशा फुग्याची भिंत बहुधा पातळ असते. ही जाड होती, सुजलेली. त्या सुजेनं शेजारची लघवीची नळी आवळली होती. सीटी स्कॅनमध्येही तेच आलं, इन्फ्लमेटरी अ‍ॅन्युरिझम. हा पुरुषांत जास्त, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर फारच.

"काका, मुंबईला जायला हवं. हा फुटला तर वेळ मिळणार नाही."

"शिमगा झाला की बगू. पालखी नाचवायची हाय."

"यंदा नाही. आणि बिडी आजपासून बंद."

शेजारी बसलेल्या काकी एकदम बोलल्या, "यांच्या थोरल्या भावाची पन पाठ दुखत होती. कुनाला सांगितलान नाय. दुपारी निजला तो उठलाच नाय."

काकांनी खिशातलं बंडल काढून काकींच्या हातावर ठेवलं.

मुंबईचे सर्जन फोनवर म्हणाले, "पोट उघडलं तर आतडी फुग्याला चिकटलेली मिळतील. स्टेंट टाकू." जांघेतल्या रक्तवाहिनीतून त्यांनी आत कापडी अस्तराची नळी बसवली. लघवीच्या वाटेत काही महिने दुसरी नळी ठेवली. सुजेवर स्टेरॉइड दिलं. पाठ दुखायची थांबली, सूज हळूहळू उतरली. डावी किडनी मात्र पूर्ण सावरली नाही. त्या शिमग्याला काका खुर्चीत बसून पालखी नाचवणाऱ्यांवर ओरडत होते.

हा आजार कधी कधी घराण्यात असतो, म्हणून मी त्यांच्या धाकट्या भावालाही बोलावलं. कुरकुरत आला. त्याच्या पोटातही छोटा फुगा निघाला. त्याच्यावर आता नजर ठेवते.

मुतखड्याच्या संशयाने आजही रोज कुणी ना कुणी येतं. पेशंट साठीतला बिडीवाला असेल, तर प्रोब एकदा बेंबीवरून फिरवल्याशिवाय मी पोटावरची जेल पुसत नाही.