रॉडच्या ओव्हनमधले डबे

तिसरी पट्टीही प्रेसखाली वाकता वाकता मधोमध तडकली. सर्व्हेअरसाहेबांनी तिसऱ्या नावापुढे फुली मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा."

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी वेल्डिंग शिकवायचो. किनाऱ्यावरच्या एका शिपयार्डला वेल्डर कमी पडत होते, म्हणून त्यांनी आमच्याकडे बारा जणांची बॅच दिली. तीन महिने ट्रेनिंग, शेवटी त्यांच्या सर्व्हेअरची टेस्ट. पास होईल त्याला तिथे नोकरी.

टेस्ट दिसायला साधी. दोन प्लेटा जोडायच्या, जोडाची पट्टी कापायची आणि प्रेसखाली घोड्याच्या नालासारखी वाकवायची. जोड उघडला की नापास, मग तो वरून कितीही देखणा असो.

चौथा नंबर हरसूलकडच्या नामदेवचा. तिशीचा, दोन मुलांचा बाप. ऐन लावणीत भाताचं शेत बायकोवर टाकून आला होता. नोकरीचं पत्र घेऊनच परत येतो, असं गावात सांगून बसला होता.

साहेबांनी त्याची पट्टी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"रॉड कुठे भाजता?"

वेल्डिंगच्या रॉडवर पावडरीचा थर असतो. तो हवेतली ओल पितो आणि मग जोडात बारीक छिद्रं राहतात. म्हणून जहाजाच्या कामाचे रॉड आधी साडेतीनशे डिग्रीला दोन तास भाजायचे असतात. शिपयार्डने त्यासाठी ओव्हन पाठवला होता, सोबत सूचनांचा कागद. कागद मी भिंतीवर लावला होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून. पण मी आयुष्यभर गेट, शेड आणि ट्रॉल्या जोडलेला माणूस. पाकीट फोडायचं, रॉड लावायचा. माझं कधी काही अडलं नव्हतं.

"ओव्हनमध्ये," मी म्हणालो.

साहेबांनी ओव्हनचं दार उघडलं. आत तेरा जेवणाचे डबे. मेथीच्या भाजीचा वास शेडभर पसरला.

"ही कुणाची अक्कल?"

अक्कल माझीच. पावसाळ्यात गार भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून ओव्हन मंद ठेवून पहिला डबा मीच आत ठेवला होता. पण मी भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिलो.

"मी ठेवले, सायेब," नामदेव पुढे आला. "सरांना काय म्हाईत नाय."

साहेबांनी पेन उचललं. "नाव सांग."

दोनच दिवसांपूर्वी हा मला म्हणाला होता, "सर, रॉड लय तडतडतोय. वल धरली वाटतं." मी त्याच्यावर खेकसलो होतो, "रॉडला नावं ठेवू नकोस, हात स्थिर ठेव!" ते आठवलं आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"साहेब, तो खोटं बोलतोय," मी म्हणालो. "डबे मीच ठेवायला लावले. रॉड एकदाही भाजले नाहीत. यांना मी तसंच शिकवलंय."

"किती वर्षं शिकवताय?"

"अठरा."

"हा जोड जहाजाच्या तळाला जाणार आहे, मास्तर. खाली समुद्र असतो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "डबे काढा. रॉड भाजा. संध्याकाळपर्यंत थांबतो. पुन्हा येणार नाही."

दोन तास आम्ही ओव्हनच्या काट्याकडे बघत बसलो. डबे बाकावर गार होत होते, कुणी हात लावला नाही. मग बाराही जणांनी नव्याने जोड मारले. नामदेवची पट्टी पहिली. प्रेस खाली आला. मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. तडकल्याचा आवाज आला नाही. उघडून पाहिलं तर पट्टी पुरती वाकली होती आणि साहेब जोडावरून नख फिरवत होते.

"पुढचा," ते म्हणाले.

अकरा पास झाले. एकाची पट्टी तडकली. तो नापास झाला, आणि ते माझ्याच माथी.

दिवाळीच्या सुमारास नामदेवचं पत्र आलं. 'इथेही ओव्हन आहे. पहिल्याच दिवशी एकाने त्यात डबा ठेवला. मी काढून बाहेर ठेवला, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. आता सगळेच गार भाकरी खातो, सर.'

तेव्हापासून कुठलाही कागद भिंतीवर लावायच्या आधी मी तो वाचतो. आणि डबा गारच खातो.