पाला की कळी

शहाण्याला समजावता येतं, वेड्यालाही चुचकारून समजावता येतं. पण माझ्या मामेसासऱ्यांना समजावून दाखवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पोलिसांनी पकडलेला गांजा सरकारी प्रयोगशाळेत तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. निवृत्त होऊन ते मुलुंडला आमच्याच इमारतीत, अगदी आमच्या डोक्यावर राहायला आले आणि त्याच सुमारास पंच्याऐंशी सालचा अमली पदार्थांचा कायदाही आला. दोन्ही संकटं आमच्यावर एकदमच कोसळली.

कायदा वाईट आहे असं मामांचं म्हणणं नव्हतं. तो अडाणी आहे असं होतं. मी दाढी करत असलो तरी ते दारात उभे राहून सुरू करत, "जावईबापू, पाला म्हणजे भांग, शेंड्याची कळी म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस. इतकं कायद्याला कळतं. पण कळीकळीत फरक नाही का? एकीची चिमूट दुसरीच्या मुठीला भारी! माल तोलता, मग जोर कोण मोजणार?" मेहुणीला बघायला चेंबूरहून मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण नोकरीत काय करत होता?" झालं! पोहे गार होईपर्यंत चरस. मंडळी "कळवतो" म्हणून उठली, ती अजून कळवतायत.

घरात काहीही आलं की मामा ते चिमटीत घेत, तळहातावर चोळत, डोळे मिटून हुंगत आणि निकाल देत. हिंग, चहा, मसाला, काही सुटायचं नाही. एकदा माझे साहेब जेवायला आले ते प्रेमाने केशराची डबी घेऊन. मामांनी चोळलं, हुंगलं आणि त्यांच्या तोंडावर सांगितलं, "करडईच्या पाकळ्या आहेत." ही रडकुंडीला आली. "मामा, निदान त्यांच्यासमोर तरी!" त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "नमुना कोणी दिला ते बघून निकाल देत नसतात गं."

सबंध मुलुंडमध्ये त्यांचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकणारा एकच माणूस होता, आमचा वॉचमन बाबी. मूळचा मालवणकडचा. संपात गिरणीची नोकरी गेली तेव्हापासून आमच्या गेटवर बसायचा. मामा आले की स्वतःचं स्टूल त्यांना देऊन उभा राहायचा. एका रविवारी सकाळी पोलिसांनी त्याला खिशातल्या पुडीसकट उचललं. मी मामांना घेऊन चौकीवर धावलो. हवालदार भला माणूस होता. "काका, तुम्ही यातले जाणकार. पालाच आहे ना हा? भांग लिहितो, उद्या दंड भरून घरी जाईल बिचारा."

बाबी हात जोडून उभा होता. मी मामांचा पाय जोरात दाबला. फक्त "हो" म्हणायचं होतं! मामांनी पुडी उघडली. चिमटीत घेतलं, चोळलं, डोळे मिटले.

"छे छे, पाला कसला? कळी आहे! आणि काय कळी! असा जोर कित्येक वर्षांत बघितला नाही."

हवालदाराने कपाळावर हात मारला. तेवढ्यात आतून फौजदार बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. बाबीला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

"एकदा खोटं बोलला असता तर आकाश कोसळलं असतं का?" मी जिन्यात सगळ्यांसमोर ओरडलो. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांची व्याख्यानं बंद झाली. भेटीच्या दिवशी ते बाबीच्या बायकोबरोबर तुरुंगापर्यंत जात. ती आत जाई, हे बाहेरच्या बाकावर बसून राहत. आत जायचा धीर त्यांना एकदाही झाला नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली आणि ती मला मुळीच आवडली नाही.

बाबी सुटून आला त्या दिवशी मामा जिन्यातच थबकले. खाली उतरवेना. शेवटी बाबीच वर आला.

"चुकलं रे माझं," मामा म्हणाले.

बाबी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला. "ता जावंदे, मामानू. पण खरा सांगा, माल बरो होतो मां?"

"फार चांगला होता रे," मामा कसेबसे म्हणाले आणि मुसमुसून रडू लागले. बाबी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. सहा महिने जपलेला माझा राग आता कुठे ठेवावा, ते मला कळेना.