मार्थाबाईंची उघडी ताटी

मार्थाबाई गेल्या तेव्हा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, नुकताच लागला होता. मातीनंतर कोणीतरी म्हणालं, "बाईनं प्रार्थना सांगायचं काम आपल्या मनानं मास्तरांच्या हाती देल्लं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली... पण ते खरं नाही.

पन्नासच्या दशकात मी आरमोरीपलीकडच्या त्या जंगलगावात मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो. नाताळाआधीच्या सात संध्याकाळी तिथे प्रार्थनेच्या झोपडीत जमून ख्रिस्ताला रोज एका नावानं हाक मारत. हे ज्ञाना, हे उगवत्या सूर्या... एकानं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'ये' म्हणायचं. नाव घेण्याचा मान मार्थाबाईंचा. त्यांना वाचता येत नव्हतं, फादरांनी सांगितलेलं त्या पाठ करत. पण त्यांनी हाक मारली की कोणीतरी खरंच वाटेवर आहे असं वाटे.

चौथं नाव होतं 'दाविदाची किल्ली'. त्या गावात कुलूप कोणाकडेच नव्हतं. घराला बांबूची ताटी, ती सरकवली की झालं. कुलूप फक्त जंगलखात्याच्या नाक्यावर. तिथल्या खोलीत बाईंच्या नवऱ्याला बांबू तोडल्याबद्दल कोंडून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "हे ताटी उघडणाऱ्या..." आणि सगळ्यांनी 'ये' म्हटलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना अडवलं. "बाई, शब्द किल्ली आहे."

"किल्ली तं नाकेदाराच्या कमरेले राह्यते, मास्तर. तिले मी काऊन ये म्हणू?" मग हसून म्हणाल्या, "तुमच्या घराले तरी कुलूप हाय का? आन् असन तं आत काय, मोडकी खाट!"

बाया हसल्या. ते हसू मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी फादरांना सांगितलं, बाई प्रार्थनेत मनचे शब्द घालतात. नवऱ्याची गोष्ट मला माहीत होती, ती मात्र सांगितली नाही. फादर भले होते, पण नवे होते. "मग तुम्हीच सांगा," म्हणाले. मला तेच हवं होतं.

ती किल्लीची प्रार्थना मुळात कोंडलेल्या माणसाला बाहेर काढण्याचीच होती. मी ती पुढे कितीतरी वर्षं म्हटली, आणि तिचा अर्थ मला फार उशिरा उमगला.

बाई भांडल्या नाहीत. दाराशी बसू लागल्या. दर वर्षी चौथ्या संध्याकाळी मी नाव घेण्याआधी उठत आणि ताटी सताड उघडत. पोरंबाळं कुडकुडत, कोणी ओरडे, "बाई, हिव वाजून राह्यलं ना!"

"मंग त्यानं यावं कुठून?" एवढंच उत्तर.

परवाच्या चौथ्या संध्याकाळी त्यांच्या मुलीकडे, रूथकडे गेलो. आता पक्कं घर आहे, लाकडी दार आहे. ते उघडंच होतं, थंडी आत येत होती. मी लावून घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या भाऊ. आजच्या दिवशी माय लावू देत नव्हती."

मग मी तिला सगळं सांगितलं. नाक्याची खोली, फादर, माझी हाव, मातीच्या दिवशी हललेली मान. रूथनं ऐकून घेतलं. चुलीवरचा चहा ओतला, कप माझ्यापुढे ठेवला.

"मायनं सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "तुमी कधी येऊन सांगता, याची माय वाट पाहून राह्यली होती."