गेटवरची जुनी यादी

मला त्या प्रोग्रामची आजही किळस येते. तो लिहिला मीच, त्यामुळे स्वतःचीही येते.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सिविल लाइंसमधल्या एका महिला हॉस्टेलसाठी आमच्या कंपनीनं वेब ॲप्लिकेशन केलं होतं. तिथं राहणाऱ्या प्रत्येकीच्या नावाला, तिनं ज्यांना भेटीची परवानगी दिली त्यांची नावं जोडलेली. गेटवरचा चौकीदार स्क्रीन बघायचा, नाव असलं तर आत सोडायचा. घोळ असा, की ही जोडलेली नावं प्रोग्राम सुरू होताना डेटाबेसमधून एकदाच आणायचा आणि मग तीच धरून बसायचा. वॉर्डनबाईंनी ऑफिसातून एखादं नाव काढलं, तरी गेटवर जुनीच यादी.

मला हे माहीत होतं. चाचणीतच दिसलं होतं. नाव काढलं की यादी नव्यानं आणायला लावायची, इतकंच काम. पण आमचे साहेब म्हणाले, "अरे भैया, रोज सुबह रिस्टार्ट मार दो, चल जाएगा." आणि मी शहाण्यानं मुकाट पहाटेचा रिस्टार्ट लावून दिला. आमच्या ऑफिसात सगळं असंच चालायचं, वर त्याला हुशारी म्हणायचे. थू असल्या हुशारीवर.

एका दुपारी तिथल्या एका शिक्षिकेनं आपल्या नवऱ्याचं नाव काढायला लावलं. तो मारायचा, म्हणून ती घर सोडून आली होती. संध्याकाळी तो आला. स्क्रीनवर नाव होतं, चौकीदारानं त्याला वर सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डनबाईंनी मला हॉस्टेलवर बोलावलं. तोवर रिस्टार्ट होऊन गेला होता आणि यादी अगदी बरोबर दिसत होती. ती शिक्षिका समोर बसलेली, ओठ फुटलेला, हात गळ्यात बांधलेला. आणि मी काय करावं? लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"बघा दीदी, नाव कालच दुपारी निघालंय. चौकीदारानं नीट पाहिलं नसेल."

ती माझ्यासारखीच मूळची विदर्भातली. आवाज न चढवता मराठीत म्हणाली, "काल तो गेल्यावर मी खाली जाऊन स्वतः पाहिलं, भैया. नाव होतं. आता काहून खोटं बोलून राहिले तुम्ही?"

वॉर्डनबाई माझ्याकडे बघत होत्या. दारात चौकीदार उभा होता, तोही बघत होता. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, मशीन चुकत नसतं.

चौकीदाराला त्याच दिवशी कामावरून काढलं.