रुमालाखालचा अंदाज

सुलभा खरात गेल्याचा फोन केदारखेड्याहून भिकाआबांनी केला. आबा तिथले जुने मोसंबी बागायतदार. "बाई गेल्या," म्हणाले, आणि लगेच पुढे, "पन बागेचं काम थांबवायचं न्हाई." कॉलेजपासूनच्या मैत्रीत तिला कुठलं काम थांबवताना मीही पाहिलं नव्हतं.

अनेकांनी मिळून केलेला अंदाज एकट्याच्या अंदाजापेक्षा कधी बरा ठरतो, हा तिच्या संशोधनाचा विषय. पहिल्या हंगामात तिनं आबांच्या बागेत गावकरी जमवले आणि झाडांवर किती टन माल आहे, ते विचारलं. आबांनी आधी आकडा सांगितला. बाकीच्यांनी त्यांचा मान राखून त्याच्याच आसपासचे सांगितले. तोडणी झाली तेव्हा सगळे मिळून चुकले होते. "मंग काय आबाला खोटं पाडायचं?" एकानं विचारलं. सुलभानं बैलबाजारातली रीत उचलली. जितके टन, तितकी बोटं. रुमालाखाली तिच्या हातात द्यायची, दुसऱ्याला कळू न देता. बाईच्या हाती बोटं द्यायला पुरुष लाजले. "डॉक्टरीनबाईला नाडी दाखवता तवा?" ती म्हणाली. पहिला हात आबांनीच पुढे केला.

पुढे फोटोवरून फळं मोजणारं यंत्र फोनमध्ये आलं. तिनं त्याला विरोध केला नाही, त्याचाही अंदाज इतरांच्या जोडीला धरला. यंत्र दरवेळी चुकतं, असा तिचा दावा नव्हता. अट एकच होती, त्याचा आकडा शेवटी उघडायचा. वेळ वाचावा म्हणून प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनं तो एकदा आधी दाखवला, आणि सगळी बोटं त्याच्याभोवती गोळा झाली. त्या अहवालावर सुलभानं सही केली नाही. शेवटच्या आजारात दवाखान्यात मी तिला भेटलो तेव्हाही ती त्यावरच बोलत होती. "आधी आबांचा मान राखत होते, आता फोनचा राखून राह्यलेत. अरे, यंत्र शिकतं माणसांकडून. माणसंच त्याचं ऐकून बोलायला लागली, तर ते शिकणार कोणाकडून?"

गेल्या आठवड्यात संस्थेचा अधिकारी बागेत आला. फोन उघडून आकडा वाचणार, तोच आबा म्हणाले, "थांबा साहेब. आमची बोटं व्हायची हायेत."

"पण बाई तर आता..."

"बाई न्हाईत. आमी हाव की."

आबांच्या लेकीनं, मंदानं, रुमाल हातावर घेतला. एकेकाची बोटं झाली. मग तिनं रुमाल अधिकाऱ्यापुढे धरला.

"फोनचा नको, साहेब. तुमचा सांगा."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि मान वर करून झाडांकडे पाहिलं... बराच वेळ पाहत राहिला.