बांगड्यांवरच्या चिंध्या

इतकी वर्षं लोटली, पण इंदापूर ठाण्यातली ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. पन्नासच्या दशकात मी तिथं फौजदार होतो.

निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवरून पोलीस पाटलांनी खबर दिली, की बायकोनं नवऱ्याला विष घातलं. नवरा बारामतीच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. शेतात भाकरी तिनंच नेलेली, फिर्याद धाकट्या दिराची. तिला ठाण्यात आणलं. नवरा दगावला असता, तर तिच्या गळ्याशी फासच होता.

तालुक्याच्या ठाण्यात तेव्हा बाई शिपाई कुठली! झडतीसाठी हवालदाराच्या बायकोला पोलीस लाइनीतून बोलावलं. कोठडीत घालण्याआधी अंगावरची काच काढायची, असा शिरस्ता. बाई काच गिळून जिवाचं बरंवाईट करील, ही धास्ती मलाही होती. पण बांगड्यांचं नाव निघताच तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

"सायेब, मारा मला, पर बांगड्या न्हाय काढायच्या. धनी जिता हाय माजा!"

ओट्यावर बसलेला दीर म्हणाला, "काढा वो सायेब. आता कुणासाठी ठिवायच्या?"

दवाखान्यातून मरणाची खबर आलेलीच नव्हती. मग याला एवढी खात्री कशी? त्याला आत घेऊन मी अंधारात खडा मारला.

"तुझा भाऊ शुद्धीवर आलाय."

त्याचा चेहरा उतरला. "एवढं खाऊन मानूस वाचतंय व्हय?"

"एवढं म्हणजे किती?"

मग तो घडाघडा बोलला. जमिनीच्या वाट्यापायी त्यानंच कालवणात धोतऱ्याचं बी वाटून घातलं होतं. उरलेलं बी दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष त्याच्या गवताच्या कोपीत सापडलं. तोवर बाईला ठाण्यातच राहावं लागलं. काच फुटू नये, हातीही लागू नये म्हणून हवालदारीणबाईंनी तिच्या बांगड्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या आणि त्या तिच्यापाशीच बसून राहिल्या.

नवरा वाचला, बाई सुटली. पण सासरा म्हणाला, "ठान्यात ऱ्हायलेली सून घरात कशी घ्यावी, सायेब?" मी आवाज चढवला, पाटलांनी समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. ती हवालदाराच्या घरी राहिली. चिंध्या काही सोडीना. "धनी न्यायला आलं की सोडीन," म्हणायची.

तो दवाखान्यातून परस्पर वस्तीवर गेला.

पुरुष ठाण्यातून सुटला म्हणजे सुटला. बाईची शिक्षा पुष्कळदा तिथून पुढं सुरू होते. कायद्यात याला कलम नाही. पुढं नोकरीभर बाईचा जबाब मी होता होईल तो तिच्या दारातच घेतला.

शेवटी माहेरचा भाऊ गाडी घेऊन आला. निघताना तिनं स्वतःच चिंध्या सोडल्या आणि हवालदारीणबाईंपुढं मनगटं धरली.

"एकबी फुटली न्हाय बगा, आक्का."