रामभाऊंची साक्ष

अमेरिकेतल्या सोयाबीनचं तेल भारतात खपावं म्हणून खटपट करायची, ही प्रणिता मेश्रामची नोकरी. तिथल्याच ईडन प्रेरी गावातली तिची संस्था सरकारी अनुदानावर चालायची आणि त्याच पैशातून परदेशात ऑफिसं थाटायची. मुंबईचं ऑफिस म्हणजे एक भाड्याची खोली आणि कुशल नावाचा एकटा जीव. बाकी सगळा भार प्रणितावर. तिचा व्हिसाही याच नोकरीच्या दाव्याला बांधलेला. नोकरी सुटली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर नऊ वर्षांच्या लेकीला, आन्याला, घेऊन सामान बांधा.

तिचे बाबा नागपूरच्या इतवारीत हमाल. तेलाचे डबे पाठीवर वाहून त्यांनी पोरीला इंजिनिअर केलं. ते डबे उतरायचे रामभाऊंच्या तेलाच्या दुकानात. सहा वर्षांपूर्वी ती तिथं संस्थेचं कार्ड घेऊन गेली, तेव्हा म्हातारा आधी ओळखेचना. ओळखल्यावर मात्र गादीवरून उठून त्यानं खुर्ची पुढे केली. बाबांना त्या दुकानात जन्मात कुणी बस म्हटलं नव्हतं. हे प्रणिता विसरली नव्हती, आणि का म्हणून विसरावं? पण काम तिनं चोख केलं. रामभाऊ आणि तेल डब्यांत भरून विकणारे आणखी सहा छोटे पॅकिंगवाले यांची मोट बांधली. एकेकट्याला जहाजवाले दारात उभं करत नव्हते, सात जणांची मिळून ऑर्डर गेली. लॅबचे कागद, बंदरावरची तपासणी, सगळीकडे तीच नाचली. दोन वर्षांनी तेल नागपुरात पोचलं.

मग अनुदान देणाऱ्या वरच्यांना अचानक सुचलं, की ही ऑफिसं पोसून खरंच काही होतं का, ते तपासा. तपासनीस परदेशातल्या गिऱ्हाइकांना फोन करणार आणि विचारणार, तुम्हाला आमच्या ऑफिसची मदत झाली का? झाली असेल तर ऑफिस राहील, नाहीतर टाळं. मुंबईसाठी नाव निघालं रामभाऊंचं. प्रणिता निर्धास्त झाली. कुशलचा मात्र जीव खालीवर. म्हणाला, ताई, काकांना नुसता एक फोन करून ठेवू का? गिऱ्हाइकाशी आधी बोलायचं नाही, असा स्पष्ट नियम होता. प्रणितानं त्याला झापलं. खरं काम केलंय, पढवायचं कशाला? बाबासाहेबांचा फोटो टेबलावर ठेवून असले धंदे तिला जमणारे नव्हते.

तीन आठवड्यांनी डायरेक्टर बाईंनी अहवाल वाचून दाखवला. गिऱ्हाइकाच्या सांगण्यानुसार असं कुठलंही ऑफिस त्याला माहीत नाही, कुणी भेटलं नाही, कुणी मदत केली नाही. मुंबईचं ऑफिस बंद. प्रणिताची जागा महिनाअखेर रद्द. तिनं सगळ्या ईमेल्स पुढे ठेवल्या, पुन्हा विचारा म्हणून हातापाया पडली. उत्तर आलं, की एकदा दिलेला जबाब बदलत नाही. बाईंना वाईट वाटलं म्हणे. वाटून काय चाटायचंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आन्याचा डबा भरता भरता, तिनं नागपूरला फोन लावला. रामभाऊ खुशीत होते. ती काही विचारायच्या आत स्वतःच सांगायला लागले. आयुष्यात दोनदा धाड पडलेला माणूस तो. सरकारी माणूस गोड बोलून विचारतो, कुणी मदत केली, कोण भेटलं, म्हणजे काय ते न कळायला ते काय लहान लेकरू होते?

"तुझं नावसुद्धा तोंडातून निघू दिलं नाही, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या बापानं माझ्या दुकानात हाडं झिजवली. तवा मी त्याचं काही केलं नाही. आता त्याच्या लेकीवर बालंट येऊ देईन होय?"

प्रणिताला रडू फुटलं, आणि रागही असा आला की फोन भिंतीवर आपटावा. ज्या दुकानानं बाबांना कधी पाणी विचारलं नाही, ते आज पहिल्यांदा त्यांच्यासाठी उभं राहिलं होतं. तेही असं! गप्प बसली असती तर म्हातारा सुखात राहिला असता. पण खोटं तिला जमत नव्हतं, आताही जमलं नाही.

"काका, तो माणूस मला पकडायला फोन करत नव्हता. तुम्ही हो म्हणाला असता, तर माझी नोकरी राहिली असती."



"मग आधी एक फोन करायचा होतास ना, पोरी," रामभाऊ म्हणाले.

खाली शाळेची बस येऊन थांबली होती. आन्या दारात उभी राहून डबा मागत होती.